सौदा सोडून गेलेला साडू

अख्ख्या मराठवाड्यात एकदाही भाव न करता चाळिशी ओलांडलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. मी नांदेडला पंप आणि पाइपांचं दुकान चालवतो. उमरीच्या बाजारात सायकलच्या कॅरियरला पाइपाची वेटोळी बांधून सुरुवात केली, आज दोन शटरचं दुकान आहे, आणि या दोन गोष्टींच्या मधे जे काही आहे ते सगळं घासाघीस आहे. देवाला नवस बोलतानासुद्धा मी आधी नारळ म्हणतो, पेढ्यांचं नंतर बघू. आणि माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा असा, की केळीवाल्यानं भाव सांगितला की त्याला वाटतं, हा माणूस रोज केळी विकतो, म्हणजे त्याला ठाऊक असणारच.

रेणापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात सहा फूट चार इंचांचा माणूस कसा जन्मला, हे कुणाला उलगडलेलं नाही. जन्मताना तो तेवढा नव्हता, पण त्याच्या आईचं ऐकलं तर फार कमीही नसावा. नववीत असताना शाळेच्या पत्र्यावर कुणीतरी भिरकावलेली चप्पल त्यानं नुसता हात वर करून काढली, ते खेळाच्या सरांनी पाहिलं, आणि पंधरा दिवसांत तो क्रीडा वसतिगृहात होता. तिथून चेन्नईला एका कंपनीच्या बास्केटबॉल संघात, मग पगार घेऊन खेळणाऱ्या संघांतून बंगळुरू, एक हंगाम चक्क थायलंड. पोरगी बघायला आला तेव्हा आमच्या सासऱ्यांनी विचारलं, "नोकरी पर्मनंट हाय का?" त्यावर हा शांतपणे म्हणाला, "गुडघे हायेत तोवर." सासरे हसले, त्यांना वाटलं पोरगा विनोदी आहे. तो विनोदी नव्हता. चौतिसाव्या वर्षी गुडघे गेले आणि नोकरीही गेली. दोन्ही पायांना पट्टे बांधून, बुटांची एक मोठी पिशवी आणि गळ्यात शिट्टी घेऊन तो लातूरला आला. मेहुणी तिथं शिक्षिका आहे. एका शाळेच्या मागं सिमेंटचं कोर्ट रिकामं पडलेलं होतं, त्यावर त्यानं पोरींना बास्केटबॉल शिकवायला सुरुवात केली.

लातूरमधे शिकवणं म्हणजे काय, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात एक वडील आले. "सर, तुमच्याकडं टेस्ट सिरीज असते का?" साडू म्हणाला, "असते. रोज सकाळी पाचला." "नोट्स?" "न्हाई. घाम असतो." "अन् यातून मार्क किती वाढतात?" माझा साडू खोटं बोलू शकत नाही, हा त्याचा दुसरा दोष. तो म्हणाला, "भूक वाढते. मार्काचं सांगता येत न्हाई." मी तिथं असतो तर त्या माणसाला तीन पोरींच्या प्रवेशाशिवाय उठू दिलं नसतं. तो गेला तो परत आला नाही. पण त्याची पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी आपली आपण येऊन उभी राहिली. असं करत करत तीस-पस्तीस पोरी जमल्या.

उंच माणसाला दारं ठेंगणी पडतात, त्यामुळे वाकून आत जायची त्याला इतकी सवय झाली, की तो आता मंगल कार्यालयाच्या कमानीखालूनही वाकून जातो. आमच्या नातेवाइकांत यामुळं त्याचं नम्र म्हणून फार नाव आहे. शिट्टी तो कधीच काढत नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात वरात चौकात अडकली होती, मुहूर्त टळून चालला होता, आणि नाचणारे काही केल्या हलेनात. मी ओरडलो, भाऊ ओरडला, नवरीकडचे दोन निरोप येऊन गेले. मग साडूनं एक लांब शिट्टी मारली. बँड थांबला. घोडा थांबला. नाचणारी पोरं आपसूक एका रांगेत उभी राहिली. चौकातला वाहतूक हवालदारसुद्धा सावध होऊन, कोण साहेब आले म्हणून बघू लागला. साडू हळूच म्हणाला, "चला." आमच्या खानदानात मुहूर्तावर लागलेलं ते एकमेव लग्न. त्याच लग्नाच्या पंगतीत तो पुऱ्या वाढायला उभा राहिला आणि वाकायचा कंटाळा म्हणून लांबूनच एकेक पुरी ताटात सोडू लागला. बघायचा एकीकडे आणि पुरी जायची दुसरीकडे. माझी चुलती कडाडली, "कुत्र्याला भाकर टाकल्यावानी काय टाकून राहिला रे?"

"काकू, ताटाबाहेर पडली का?"

"न्हाई, पण वाटीत पडली!"

"वाटीतच टाकली होती. बासुंदी हाय ना त्यात."

काकूंनी वाटीत बघितलं आणि पुढं तीन पुऱ्या त्याच पद्धतीनं मागून घेतल्या.

सरावाला उशिरा येणारीला शिक्षा करण्याची त्याची रीत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. उशीर करणारीला तो पळायला लावत नाही. तिला मैदानाच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतो, थर्मासमधला वाफाळता चहा हातात देतो, आणि तिचा चहा संपेपर्यंत बाकी सगळ्या पोरी तिच्याभोवती पळतात. खुर्चीवरची पोरगी रडवेली होऊन फुंकर मारत बसते आणि पळणाऱ्या ओरडतात, "पी की गं लवकर!" लातूरमधे चहाला घाबरणाऱ्या तीस-पस्तीस पोरी तुम्हाला दाखवतो, चला माझ्यासोबत.

आता माझ्या तक्रारीकडं येतो. ती मी लपवत नाही. माझी थोरली अकरावीला लातूरला मावशीकडं राहिली. शिकायला म्हणून पाठवली होती, पण काकाच्या मागोमाग पहाटे कोर्टावर जाऊ लागली, आणि मला वाटलं, असू दे, घरचाच माणूस आहे. वर्षभर तिनं जीव तोडून सराव केला. मग राज्य स्पर्धेच्या संघाची यादी लागली. बारा नावं. त्यात आमचं नाव नाही! पोरगी फोनवर नुसती हुंदके देत होती. मी गल्ला तसाच नोकरावर सोडला, गाडी काढली आणि संध्याकाळच्या सरावाला थेट मैदानावर जाऊन उभा राहिलो.

"पावणं, यादीत एक नाव राहिलं वाटतं."

"न्हाई दादा. बारा हायेत."

"तेरा करा."

"नियम बाराचा हाय."

"मग एखादी काढा."

"कोणती काढू?" त्यानं मैदानाकडं हात केला. "तुम्हीच दाखवा."

बारा पोरी माझ्याकडं बघत उभ्या होत्या. मी काही कमी निर्लज्ज माणूस नाही, पण बोट उचललं गेलं नाही. म्हणून मी भाव खाली आणला. "बरं, खेळवू नका. नुसती बाकावर बसवा."

"बाकावरबी बाराच बसतात."

"टी-शर्ट तरी द्या तिला! फोटोपुरता!"

"टी-शर्ट खेळणारीचा असतो, दादा."

"अहो, तुमच्याच घरात जेवती ती!"

"जेवू दे की. जेवायला कधी न्हाई म्हणलं?"

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, घड्याळात बघितलं, सराव थांबला होता एवढंच त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं खुर्ची ओढली, मला खांद्याला धरून बसवलं आणि माझ्या हातात चहा दिला. मला वाटलं, माणूस वरमला, आता बोलणी पुढं सरकतील. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सगळ्या पोरी माझ्याभोवती पळू लागल्या. सगळ्यांच्या पुढं माझीच पोरगी होती, यादीत नाव नसलेली. तिसऱ्या फेरीला ती ओरडली, "बाबा, लवकर प्या ना!" मी तो चहा एका घोटात प्यालो. जीभ आठ दिवसांत बरी झाली. बाकीचं अजून व्हायचं आहे.

त्यानंतर दीड वर्ष मी त्याच्याशी कामापुरतंही बोललो नाही. आणि मग एक दिवस मेहुणीचा फोन आला. दक्षिणेतला एक मोठा व्यावसायिक संघ प्रशिक्षक शोधत होता. साडूबरोबर पूर्वी खेळलेल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं होतं, आणि संघाची दोन माणसं विमानानं नांदेडला येणार होती. "दाजी, तुम्ही जा यांच्यासोबत," मेहुणी म्हणाली. "हे पहिल्याच बोलण्याला हो म्हणून येतील. आयुष्यात एकदा तरी यांना यांच्या लायकीचं मिळू द्या." तिचा आवाज कापत होता. का ते मला माहीत होतं. खेळणं सुटल्यापासून हा माणूस सिमेंटवर उभा होता, आणि एकदाच, माझ्या पोरीच्या प्रकरणाच्या आधी, तो मला बोलून गेला होता, "दादा, लाकडी कोर्टावर चेंडूचा आवाजच वेगळा येतो. एकदा तिथं कोच म्हणून उभं राहायचं हाय." असं दुसरं दार त्याच्यासाठी उघडणार नव्हतं. मी म्हणालो, "रुसवा घरी, सौदा बाजारात. येतो मी."

माझ्या गाडीतून त्यांच्या हॉटेलकडं जाताना मी त्याला सगळं समजावलं. आमच्या धंद्यात बोलणी अडली की उठायचं असतं. गिऱ्हाईक उठतं, चप्पल शोधतं, दाराकडं निघतं, आणि पायरीपर्यंत जाता जाता दुकानदार हाक मारतो. या हाकेतच खरा भाव असतो. हे मी रोज दोन्ही बाजूंनी करतो. म्हणून मी साडूला सांगितलं, "मी उठलो की तुम्हीबी उठायचं. काही बोलायचं न्हाई. मागं वळून तर अजिबात बघायचं न्हाई, बघितलं की माणूस गरजू दिसतो. दारापर्यंत हाक येती म्हणजे येती." मधेच वाजू नये म्हणून मी त्याचा फोनही काढून माझ्या खिशात ठेवला. त्यानं मान हलवली. सांगितलेलं ऐकणं हे तर त्याचं आयुष्य होतं.

समोर एक कोट घातलेला तरुण होता आणि एक वयस्कर, पिकल्या मिशांचा, संघाचा व्यवस्थापक. त्यांचं म्हणणं, एक वर्ष सहायक प्रशिक्षकाचं काम, आणि राहायला दुसऱ्या एकासोबत खोली. मी दीड तास झुंजलो. खोलीची सदनिका करून घेतली. सहायक हा शब्द गाळून घेतला. मेहुणीसाठी तिकडच्या शाळेत शब्द टाकायचंही कबूल करून घेतलं. मी अगदी रंगात होतो. साडू शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, पाहुण्यांच्या घरी बसतात तसा. शेवटी गाडी मुदतीवर अडली. मी दोन वर्षं धरून बसलो, ते एका वर्षावरून हलेनात. मी म्हणालो, "तो फिर रहने दो साब," आणि उठलो.

आता उठणं ही माझी कला आहे. मी आधी चष्मा शोधतो. मग रुमाल. मग एक खिसा चाचपतो, मग दुसरा. खुर्ची नीट आत सरकवतो. माझ्या खुर्चीपासून दारापर्यंतच्या वाटेत समोरचा दोनदा विचार बदलू शकतो. मी चष्म्यापर्यंत आलो होतो आणि रुमाल काढत होतो, तेव्हा पिकल्या मिशा हसून म्हणाल्या, "अरे बैठिए सेठजी, दो साल सही. कोच साब को बिठाइए." मी विजयानं मागं वळलो. कोच साब नव्हते. त्याला उठून दाराबाहेर जायला पाच ढांगा लागल्या होत्या. मी जिन्यावरून धावत खाली गेलो. पहारेकरी म्हणाला, "ते उंच साहेब? ते तर रिक्षात बसून गेले, स्टँडाकडं." फोन माझ्याच खिशात! मी वर येऊन थापा मारल्या, अचानक निरोप आला म्हणालो. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "शाम की फ्लाइट है हमारी. तब तक उनसे पक्का करा लो. हम उन्हीं के नंबर पे फोन करते."

मी गाडी काढली आणि लातूरच्या रस्त्याला लागलो. वाटेत जेवढ्या शिव्या मला येतात तेवढ्या सगळ्या दिल्या, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोह्याच्या स्टँडवर लातूरची एसटी उभी दिसली. मी आत चढलो. शेवटच्या बाकावर, दोन्ही पाय वाटेत पसरून, तो शेंगा खात बसला होता.

"उठा! चला मागं! दोन वर्षं कबूल झाले ते!"

"हाव. ऐकलं मी."

"काय ऐकलं?"

"हाक. जिन्यात होतो मी."

"अहो, मग थांबले कामून न्हाई? त्या हाकेसाठीच तर उठायचं असतं!"

त्यानं हातातल्या शेंगांकडं बघितलं. "दादा, बसलो होतो तवर वाटत होतं की जावं. लई वाटत होतं. उठून चालायला लागलो अन् जिना उतरलो, तर गुडघा दुखला न्हाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग थांबवेना."

"गुडघ्यावर कुणी आयुष्याचे निर्णय घेतं का?"

"मी घेतले, दादा. सगळे."

कंडक्टर आत आला आणि मला म्हणाला, "ओ शेठ, बसायचं तर बसा, न्हाई तर उतरा." तेवढ्यात माझ्या खिशातला त्याचा फोन वाजला. साडूनं खिशाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावर मी तसा भाव कधी पाहिला नव्हता. रिझल्ट बघायला पाठवलेलं पोर जसं फळ्याजवळ न जाता लांब उभं राहतं, तसा.

"तुम्ही बोला," तो म्हणाला. "मला न्हाई म्हणता यायचं. ते विचारतील अन् मी हाव म्हणून बसेन."

जुळलेला सौदा हातचा घालवण्याचं पाप मी या वयापर्यंत केलं नव्हतं. त्या दीड तासाची माझी मेहनत होती, मेहुणीचा तो आवाज होता, आणि खरं सांगतो, हा एकदाचा गेला तर बारावीनंतरही लातूरलाच राहिलेली माझी पोरगी अभ्यासाला लागेल हा हिशेबही होता. मी फोन उचलला. पिकल्या मिशांनी विचारलं, "तो दो साल पक्का?" मी म्हणालो, "तीन. और सब टीम चुनना इनके हाथ में, मालिक का एक भी आदमी नहीं." मग ते म्हणाले, "सेठजी, आपने ज्यादा खींच दिया," आणि फोन ठेवला. भाव वाढवून सौदा मोडायचा, हे मी आयुष्यात एकदाच केलं. साडूनं उरलेल्या शेंगांचा पुडा माझ्या हातात दिला, कंडक्टरनं घंटी मारली, आणि मी उतरलो.

मेहुणीनं मला माफ केलेलं नाही. "दाजी, तुमच्या हावरटपणानं गेलं," असं ती चारचौघांत म्हणते. मी खाली मान घालतो. साडू तिथंच बसलेला असतो. एका शब्दानं तो खरं काय ते सांगू शकतो, कारण खोटं त्याला येत नाही, पण गप्प बसणं त्याला येतं, हे मला उशिरा कळलं. माझ्या पोरीच्या नावासाठी जो माणूस नियमाच्या बाहेर एक बोट सरकला नाही, तो स्वतःच्या बाबतीत मला खुशाल बदनाम होऊ देतो. ही माझी दुसरी तक्रार, आणि पहिलीपेक्षा मोठी.

परवा पोरीला भेटायला लातूरला गेलो होतो. संध्याकाळची वेळ होती, मेहुणी आत स्वयंपाकात होती, आणि साडू ओसरीवर मोबाइलवर सामना बघत बसला होता. तोच संघ होता. मी शेजारी बसलो. शेवटची काही मिनिटं उरली होती, संघ दोन गुणांनी मागं होता, आणि त्यांच्या कोचनं खेळाडूंना जवळ बोलावलं. चांगला सूट घातलेला, तरुण माणूस होता. साडू पडद्याच्या अगदी जवळ वाकला आणि हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "डावीकडून जा. तो दमलाय. डावीकडून." पडद्यावरच्या कोचनं उजवीकडं बोट केलं. ते उजवीकडून गेले, चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला आणि सामना संपला.

"हरले," मी म्हणालो.

"हं."

मला वाटलं, आता तो म्हणेल, मी असतो तर. कुणीही म्हटलं असतं. मी त्या तीन शब्दांची वाट बघत बसलो, खूप वेळ बसलो. ते आले असते तर मी काय उत्तर दिलं असतं, मला माहीत नाही. त्यानं मोबाइल पालथा ठेवला, दोन्ही गुडघे हातांनी चोळले आणि आत आवाज दिला, "अगं, दादा आलेत. ताट वाढ."